वाड्याच्या भिंतीतून पोपटाचं पिल्लू पडलंय, घरी ठेवू का?

निशिगंधा_बडोदे
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा प्लीज. मी मूळची बडोद्यातल्या दांडिया बाजारची, लग्नानंतर तिथल्याच मांजलपूरला फ्लॅटमध्ये. प्राण्यांचं वेड मला कळायला लागल्यापासून आहे. आजीच्या वाड्यात मांजरं, मागच्या अंगणात खारी, पहिली पोळी गायीची नि शेवटची कुत्र्याची, आणि ओसरीवर पिंजऱ्यात मिठू. शाळेतून आले की दप्तर खांद्यावर असतानाच मी त्याला हिरवी मिरची द्यायचे, तो ती एका पायात धरून मान वाकडी करून आधी बिया वेचून खायचा आणि सालाच्या चिंध्या खाली टाकायचा, ते बघत मी तिथेच बसून राहायचे.

तर आता काल माहेरी होतो, संध्याकाळी वारं सुटलं आणि वाड्याच्या मागच्या भिंतीत जी भोकं आहेत (दरवर्षी पोपट तिथे घरटी करतात) तिथून एक पिल्लू खाली पडलं. माझ्या मुलाने, दुसरीत आहे, टोपीत घालून उचलून आणलं. अंगावर हिरवी पिसं आलीत पण शेपूट आखूड आहे, उडत नाही, नुसतं फडफडतं. रात्री बुटाच्या खोक्यात ठेवलं. पोराने नाव पण ठेवून टाकलंय. शेजारच्या मासी म्हणतात पिंजरा आणा, बोलायला शिकेल. मला तर ठेवायचंच आहे खरं, पण पोपट पाळायला बंदी आहे असं ऐकलंय, ते खरं आहे का? आणि दूध-पोळी देतेय तर चोचच उघडत नाही, काय देऊ?

पशुवैद्य_वाघोडिया
ताई, आधी दूध बंद करा. पक्ष्यांना दूध पचत नाही, आणि जबरदस्तीने चोचीत काही ओतलं, अगदी पाणीसुद्धा, तर ते श्वासनळीत जाऊन पिल्लू जातं. ड्रॉपर वगैरे अजिबात नको.

अंगावर पूर्ण पिसं आहेत म्हणजे ते उडायच्या बेतातलं पिल्लू आहे, आईबाप अजून त्याला भरवत असतात. आजच परत त्याच भिंतीपाशी घेऊन जा. भोकापर्यंत सुरक्षितपणे हात पोचत असेल तर सरळ आत ठेवा, नाहीतर एखादी टोपली, तळाशी सुकं गवत, जमेल तितकी उंच त्याच भिंतीला बांधा, मांजर पोचणार नाही अशी. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकून देते असं सगळे म्हणतात, तसं काही नसतं, बिनधास्त ठेवा. मग तिथून लांब जाऊन बघत बसा, आपण जवळ उभे राहिलो तर ते खाली उतरतच नाहीत.

पंख लोंबत असेल, रक्त असेल किंवा मांजराने तोंडात धरलं असेल तर मात्र थांबू नका. मांजराचा दात लागलेली जखम वरून दिसत पण नाही पण आत इन्फेक्शन होतं, अँटिबायोटिक लागतंच. अशा वेळी वनखात्याला नाहीतर १९६२ या प्राण्यांच्या हेल्पलाइनला फोन करा. आणि मुलाचे हात साबणाने धुवा.

जुना_रावपुरेकर
माझं थोडं वेगळं मत आहे. आमच्याकडे वडिलांच्या काळापासून पोपट होता, वीस वर्षांच्या वर जगला, घरातल्या प्रत्येकाला नावाने हाक मारायचा. आई गेली तेव्हा त्याने कितीतरी दिवस दाण्याला तोंड लावलं नाही. त्याला कोणी दुःखात ठेवलं होतं असं मी मानणार नाही. कायदा बाजारात पक्षी विकणाऱ्यांसाठी असेल, घरात जीव लावणाऱ्यांना कशाला?

पतंग_नको_पक्षी_हवा
काका, तुमच्या घरच्यांनी जीव लावला याबद्दल शंकाच नाही. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे आणि आपला लाल चोचीचा हिरवा पोपट त्यात येतो, विकत घेतलेला असो की अंगणात सापडलेला, घरात ठेवता येत नाही.

आणि तुम्हीच लिहिलंत ना, आई गेल्यावर तो जेवला नाही. हे पक्षी थव्याने राहणारे, एकटं पिल्लू माणसाच्या हातावर वाढलं की तो माणसालाच आपला थवा समजतो. मग घरातले दिवसभर ऑफिस-शाळेत, आणि तो एकटा पिंजऱ्यात. नंतर सोडून द्यायचं म्हटलं तरी त्याला खाणं शोधता येत नाही, घारीला घाबरायचं कळत नाही. ताईंचं पिल्लू आत्ता परत जाऊ शकतंय, महिन्याभराने नाही जाणार.

निशिगंधा_बडोदे
सगळ्यांचे मनापासून आभार. आज सकाळीच गेलो, भावाने शिडी लावून टोपली बांधली, आम्ही समोरच्या गच्चीवरून बघत होतो. बराच वेळ नुसती ओरड चालू होती, मला तर धीर धरवेना, मग मादी आली, टोपलीच्या काठावर बसली आणि मान वरखाली करत पोटातलं काढून पिल्लाच्या चोचीत चोच घालून भरवायला लागली. इतक्या वर्षांत मी पोपटाला हे करताना पाहिलंच नव्हतं, आमचा मिठू कायम एकटाच होता. मुलगा रडला थोडा पण बघत राहिला.

आता तो मागे लागलाय की आपण काहीतरी करू या पक्ष्यांसाठी. फ्लॅटमध्ये काय करता येईल?

पतंग_नको_पक्षी_हवा
ताई मस्तच झालं! गॅलरीत मातीचं पसरट भांडं ठेवा, रोज घासून पाणी बदला, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे त्याची फार गरज असते. रविवारी त्याला पहाटे कमाटीबागेत न्या, १८७९ पासूनची बाग आहे, जुन्या झाडांच्या ढोलीत पोपट, धनेश बघायला मिळतील.

आणि जानेवारीत उत्तरायणाला, म्हणजे पतंगांच्या संक्रांतीला, करुणा अभियान (जखमी पक्षी वाचवायची मोहीम) असतं, १० ते २० तारखेपर्यंत. मांज्याने कापलेले पक्षी आणतात त्या सेंटरवर मोठी माणसं लागतात, तुम्ही या. मुलाला उपचाराच्या टेबलापाशी नका आणू, जखमा बघवत नाहीत. त्याला सोसायटीच्या झाडांवर, तारांवर अडकलेला मांजा गोळा करायचं काम द्या, हाताला पोचेल तेवढाच, विजेच्या तारांवरचा नाही. उत्तरायण संपल्यावरही कितीतरी दिवस त्यातच पक्षी अडकत राहतात.