निवृत्त होणाऱ्या भागीदाराच्या वाट्याचे गुडविल कसे काढावे?

प्रश्न
सांगलीतील आमच्या मसाला उत्पादक पेढीतले तिघांपैकी ज्येष्ठ भागीदार मार्चअखेर निवृत्त होत आहेत. नफ्याची वाटणी समान असून गेल्या तीन वर्षांचा सरासरी नफा २४ लाख आणि गुंतलेले भांडवल ८० लाख रुपये आहे. करारात गुडविलचा (पेढीच्या नावलौकिकाच्या मूल्याचा) उल्लेख नाही आणि ताळेबंदातही ते दिसत नाही. मग त्यापोटी काही देणे लागते का? ट्रेडमार्कची किंमत वेगळी धरावी का?

उत्तर १
देणे लागते. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२च्या कलम १४नुसार, वेगळा करार नसल्यास, गुडविल ही पेढीची मालमत्ता असते. स्वतः कमावलेले गुडविल ताळेबंदात दाखवण्यास लेखा मानक २६ची मुभाच नाही. त्यामुळे ते तिथे नसले तरी त्याचे मूल्य शून्य ठरत नाही.

रकमेसाठी सुपर प्रॉफिट (भांडवलावरील अपेक्षित परताव्याहून जादा नफ्यावर आधारित) पद्धत योग्य वाटते, मात्र आपण तिघे पगार न घेता राबत असाल, तर त्याच कामासाठी बाहेरच्या माणसांना जो पगार द्यावा लागला असता तो आधी वजा करावा. तो एकूण ६ लाख धरल्यास नफा १८ लाख उरतो. भांडवलावर १५ टक्के दराने अपेक्षित परतावा १२ लाख, म्हणून जादा नफा ६ लाख. त्याची तिप्पट धरल्यास गुडविल १८ लाख आणि निवृत्त भागीदाराचा वाटा ६ लाख होतो. पगार वजा केला नाही, तर गुडविल ३६ लाख दिसते आणि उरलेले दोघे स्वतःच्या पुढील श्रमांचेच मोल दुसऱ्याला चुकते करतात, हे न्याय्य नाही.

उत्तर २
सहमत. त्याच ६ लाखांच्या जादा नफ्याचे १५ टक्क्यांनी भांडवलीकरण केल्यास, म्हणजे ६ लाखांना १५ टक्क्यांनी भागल्यास, ४० लाख येतात, पण त्यात जादा नफा कायम टिकेल असे गृहीत असते, आणि ओळखीच्या गिऱ्हाइकांवर चालणाऱ्या पेढीला ते क्वचितच लागू पडते. ट्रेडमार्कचे मूल्य वाचलेल्या रॉयल्टीवरून (तो दुसऱ्याचा असता तर वापरासाठी द्यावी लागली असती त्या रकमेवरून) काढता येते. परंतु ती रॉयल्टी याच जादा नफ्यात सामावलेली असल्याने ट्रेडमार्क वेगळा धरल्यास तेवढी रक्कम गुडविलमधून वगळावी, अन्यथा एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातील.

शिवाय कलम ३६नुसार निवृत्त भागीदाराला पेढीचे नाव न वापरता स्पर्धक व्यवसाय करता येतो. तसे होणार असेल, तर तिप्पट हा आकडा जास्त आहे.

प्रश्नकर्ता
त्यांचा तसा विचार नाही. ते लेखी घेऊ. रक्कम हप्त्यांनी दिल्यास चालेल का?

उत्तर १
चालेल, पण हप्ते आणि व्याजदर निवृत्तिपत्रातच लिहावेत. हिशेब न मिटवता धंदा चालू ठेवला आणि वेगळा करार नसला, तर कलम ३७नुसार त्यांच्या वाट्याच्या वापरातून झालेला नफा किंवा वार्षिक ६ टक्के व्याज यांपैकी काय घ्यायचे, हे तेच ठरवू शकतात.