विषय: ताइनानमध्ये आई-बाबांना कुठे जेवायला न्यावं?

मंगळवार, रात्री ९.४० – शिंचू

नमस्कार मंडळी,

ऑक्टोबरमध्ये माझे आई-बाबा मिरजेहून इकडे तैवानला येताहेत. एक शनिवार-रविवार त्यांना ताइनान दाखवायचं ठरतंय. देवळं, किल्ला हे आम्ही बघून घेऊ, अडतंय ते जेवणाशी. मोठ्या हॉटेलातलं गोल टेबलावरचं जेवण नको आहे. तिथले लोक रोज जिथे खातात अशा साध्या जागा हव्या आहेत.

बाबा मासे, कोळंबी आवडीने खातात. डुकराचं आणि गाईचं मांस दोन्ही वर्ज्य. आई पूर्ण शाकाहारी, शिवाय तिचा चातुर्मास असेल, म्हणजे कांदा-लसूणही नाही. नवरा आणि मी सगळं खातो. बाबांच्या गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहणं जमत नाही.

ताइनानला राहिलेल्यांनी कृपया सांगावं.

—

बुधवार, सकाळी ७.१५ – ताइनान

ताई, नमस्कार.

मी इथे विद्यापीठात काम करते. घर जुन्या शहरात आहे, त्यामुळे तुमचा मेल वाचून राहवलं नाही. मोठं लिहिते आहे, सवडीने वाचा.

ताइनानला कुठे खायचं याच्या आधी किती वाजता खायचं हे ठरवा. इथली जुनी दुकानं एक-दोनच पदार्थ करतात आणि ते संपले की शटर खाली. पहाटेचं दुकान दुपारी बंद, दुपारचं संध्याकाळी बंद. दोन ते पाचच्या मधे तर बऱ्याच ठिकाणी चूलच थंड असते. म्हणून एका जागी बसून पोटभर जेवायचा बेत करू नका. एका दुकानात एक वाटी, थोडं चालणं, मग पुढचं दुकान. वाट्या लहान असतात, त्यामुळे हे जमतं, आणि बाबांना मधे मधे बसायलाही मिळेल.

शनिवारी सकाळी लवकर पोचत असाल तर पहिलं काम, मिल्कफिशची पेज. हा मासा ताइनानच्या किनाऱ्यालगतच्या तळ्यांत पाळतात. थंडी त्याला सोसत नाही, म्हणून ऑक्टोबर अगदी योग्य. शीमन रस्त्यावरचं 'आ-तांग' हे त्यातलं सगळ्यांत नावाजलेलं दुकान. पहाटे उघडतं, दुपार झाली की संपतं. पेज म्हटलं तरी भात गाळ शिजलेला नसतो. शीत न् शीत सुटं असतं आणि वरून माशाच्या काट्यांचा उकळता रस्सा ओतलेला. वाटी समोर आली की आधी आल्याचा आणि कोथिंबिरीचा वास येतो. सोबत यौथ्याव घ्या, म्हणजे मैद्याची लांब तळलेली काडी. ती मोडून रश्शात बुडवायची आणि मऊ पडायच्या आत खायची.

या माशाला दोनशेच्या वर काटे असतात. घाबरू नका, दुकानात पोटाचा तुकडा काटे काढूनच देतात. एका बाजूला पातळ काळी कातडी, आतल्या बाजूला पांढरी लुसलुशीत चरबी. बाबांसाठी तोच मागा. वरून घालतात तो तळलेला लसूण किंवा कांदा कधी डुकराच्या चरबीत तळलेला असतो, तेवढं विचारून घ्या.

दुसरी गोष्ट ऐकून बाबा खूश होतील. इथे ज्याला थू-थ्वो म्हणतात ती आपली सुरमई. तिचे तुकडे पिठात घोळवून तळतात आणि कोबी घातलेल्या दाटसर, आंबटगोड रश्शात सोडतात. रस्सा बाबांना गोड लागेल, पण बऱ्याच दुकानांत नुसत्या तळलेल्या तुकड्यांची बशीही मिळते. कढईतून निघालेली, गरमागरम. मला तरी रश्शापेक्षा ती बशीच जास्त आवडते.

दुपारी हाय-आन रस्त्यावरचा कोळंबी-भात. 'आय-आ-चंग' हे दुकान 1922 पासूनचं. माशाच्या रश्शात मुरलेला भात, वर सोललेली लहान कोळंबी आणि कांद्याची पात, एवढंच. शेजारी बदकाचं तळलेलं अंडं घ्या, पिवळा बलक भातावर फोडा. वाटी लहान आहे, दोन लागतील.

तुम्हा दोघांसाठी तान-त्साय शेवया. यात डुकराचा खिमा असतो, म्हणून बाबांना नाही. 'तू-श्याव-युए' हे दुकान 1895 सालचं. हुंग यू-थोऊ नावाच्या कोळ्याने सुरू केलं. वादळाच्या महिन्यांत होडी समुद्रात घालता येत नसे, तेव्हा तो खांद्यावर कावड घेऊन देवळासमोर शेवया विकायला बसे. आपल्याकडे नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, तसेच ते दिवस. आजही दुकानाच्या तोंडाशी बुटक्या स्टुलावर बसून, बुटक्या चुलीवरच वाटी भरतात. शेवया पाण्यात झटकल्या, वर खिम्याचा एक डाव, कोळंबीच्या कवचांचा रस्सा, एक कोळंबी, चिमूटभर लसूण, काळं व्हिनेगर. चार-पाच घासांत संपते. जेवण म्हणून मागितली तर निराशा होईल, मधलं खाणं म्हणून मागा.

पहाटेचं गोमांसाचं सूप हे या शहराचं खरं वैशिष्ट्य. मंडळातले काही जण खातात म्हणून एवढंच लिहिते की कच्च्या पातळ कापांवर उकळता रस्सा ओतून देतात आणि त्यासाठी भल्या पहाटे उठावं लागतं.

आईंसाठी काय, ते मी लिहिण्यापेक्षा आपल्या ताइचुंगच्या मावशींनी लिहावं. त्या इथे बरीच वर्षं होत्या आणि पक्क्या शाकाहारी आहेत.

—

बुधवार, दुपारी १.०५ – ताइचुंग

बाळा, आईची काळजी करू नकोस. कांदा-लसूण न खाणाऱ्या माणसाला तैवानइतकं सोपं परदेशात क्वचितच कुठे असेल. इथले बौद्ध आणि यी-क्वान-ताव पंथाचे लोक शाकाहार पाळतात तेव्हा कांदा, लसूण, पात हे सगळंच सोडतात. आपल्यासारखं चार महिन्यांपुरतं नाही, कायमचं.

दुकान ओळखायची खूण म्हणजे पाटीवरचं स्वस्तिक. आपल्यापेक्षा उलट्या दिशेचं असतं, पण लांबून दिसतं. अशी साधी भोजनालयं ताइनानच्या प्रत्येक वस्तीत आहेत. आत पंधरा-वीस भाज्या मांडलेल्या असतात, ताट घ्यायचं, हवं ते वाढायचं, शेवटी वजन करून पैसे द्यायचे. भात वेगळा. वांगं, दोडका, भोपळा, रताळ्याची पानं, टोफूचे चार प्रकार. आईला रताळ्याची पानं नक्की वाढ, नुसती आलं घालून परतलेली असतात. साडेअकराला जा, साडेबाराला चांगल्या भाज्या संपतात. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी एरवी मांसाहारी असलेले लोकही शाकाहार करतात, त्या दिवशी गर्दी फार. तारखा बघून ठेव.

मांसासारखे दिसणारे तुकडे असतात, ते सोया किंवा गव्हाच्या चिकाचे. काहींत अंड्याचा पांढरा भाग असतो, म्हणून आई अंडं खात नसेल तर ते टाळलेलेच बरे. बंद पाकिटावर मात्र सोय छान आहे. शाकाहाराचे पाच प्रकार सरकारी नियमानुसार छापावे लागतात: शुद्ध, अंड्याचा, दुधाचा, दूध-अंड्याचा आणि कांदा-लसणाचा.

आता सावध राहायची जागा. साध्या दुकानात उकडलेली पालेभाजी मागवलीस की तिच्यावर सवयीने डुकराच्या खिम्याचा रस घालतात. दिसायला हिरवी भाजी, आणि खाली तपकिरी रस. मागवतानाच 'पू याव रौ-त्साव' म्हणायचं. पण चमचा, कढई सगळं एकच असतं. आईला ते चालणार नसेल तर तिचं जेवण स्वस्तिकाच्या पाटीखालीच होऊ दे आणि नंतर सगळे मिळून फळांच्या दुकानात जा.

ते दुकान म्हणजे कन्फ्यूशियसच्या मंदिरासमोर, फू-छ्येन रस्त्यावरचं 'ली-ली'. 1947 पासून आहे. कापलेली फळं, फळांचा बर्फ, रस. पण तू टोमॅटोची बशी माग. हिरवट-लाल टोमॅटोच्या फोडी आणि सोबत वाटीत दाट सोया, साखर, किसलेलं आलं आणि ज्येष्ठमधाची पूड. ऐकायला विचित्र वाटेल. आलं पुढे येतं, मग खारट, मग गोड. लहानपणी तिखट-मीठ लावून कैरी खाल्लेल्या माणसाला हे लगेच कळतं. दाट सोयात काही वेळा लसूण असतो, एकदा विचारून घे.

आणि ताइनानच्याच आनपिंग भागात किल्ला बघायला जाल तेव्हा 'थुंग-ची'ची तौ-ह्वा. सोयाच्या दुधाची मऊ वडी, पातळ पाकात, वर शिजवलेले चवळीसारखे लहान लाल दाणे किंवा मूग. खुर्च्या-टेबलं आहेत, बाबांना आरामात बसता येईल.

—

बुधवार, रात्री १०.२० – काओशुंग

सर्वांना नमस्कार.

यादी उत्तम आहे, पण ह्वा-युएन रात्रबाजार कसा काय सुटला? शनिवारी ताइनानला जाऊन तो न बघणं मला पटत नाही. गुरुवार, शनिवार, रविवार असे तीनच दिवस भरतो, आणि शनिवार तुमच्या बेतात आहेच. एवढी माणसं, एवढे वास, एवढी रोषणाई आई-बाबांना मिरजेत सांगायला पुरेल. शवपेटी-पाव पण खाऊन बघा: पावाचा जाड तुकडा तळून, आतून कोरून, त्यात पांढरा दाट रस्सा भरतात आणि वर पावाचंच झाकण.

आनपिंगच्या 'चौ-शी'मधले कोळंबीचे रोल बाबांना आवडले असते, पण ते डुकराच्या पातळ चरबीत गुंडाळून तळतात. आधी सांगून ठेवतो, कारण दिसायला निव्वळ कोळंबीचे वाटतात.

—

गुरुवार, सकाळी ६.५० – ताइनान

काका, रात्रबाजाराच्या बाबतीत मी तुमच्याशी सहमत नाही. बाजार छान आहे, तुम्ही वर्णन केलंत तसाच. पण शनिवारी संध्याकाळी तिथे माणूस माणसाला लागून चालतो, बसायची जागा शोधावी लागते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला मधेच बाहेर पडता येत नाही. आईंना खाता येईल असंही तिथे थोडंच मिळेल. ताईंनी आणि नवऱ्याने आई-बाबांना हॉटेलवर पोचवून दोघांनी जावं, हे जास्त बरं. शवपेटी-पाव एकदा बघायला ठीक. आतला रस्सा दुधा-मैद्याचा असतो, त्यात ताइनानची चव मला सापडत नाही.

त्याऐवजी शनिवारी संध्याकाळी कुओहुआ रस्ता आणि यूंग-ला बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत चक्कर मारा. देवळं, छोटी दुकानं, चालायला सपाट. बाजारातली खाण्याची बरीच दुकानं मात्र दुपारपर्यंतचीच, म्हणून वा-कुए रविवारी सकाळी खा. तांदूळ वाटून वाटीतच वाफवलेलं, वर दाट सोया. त्यात डुकराचे तुकडे असतात, म्हणजे हेही तुम्हा दोघांनाच.

व्यवहाराचं थोडं. द्रुतगती रेल्वेचं ताइनान स्टेशन शहराबाहेर गुईरनला आहे. तिथूनच जोडलेल्या शालुन स्टेशनवरून लोकल पकडा, अर्ध्या तासाच्या आत शहराच्या स्टेशनवर पोचाल. शहरात मेट्रो नाही, बाबांसाठी टॅक्सीच करा. जुन्या दुकानांत रोख पैसे लागतात, सुट्टे जवळ ठेवा. टेबलावर कागदाचा तक्ता आणि पेन्सिल असते, पदार्थापुढे आकडा लिहायचा, टेबलाचा नंबर लिहायचा आणि काउंटरवर द्यायचा. टिप देत नाहीत. साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाची वेगळी असते, आदल्या रात्री नकाशावर बघून घ्या.

—

गुरुवार, रात्री ९.०० – शिंचू

ताई, मावशी, काका, तिघांचेही मनापासून आभार. मावशींचा मेल आईला फोनवर वाचून दाखवला, स्वस्तिकाचं ऐकून ती फार खूश झाली.

एक राहिलंच. बाबांना मधुमेह आहे. ताइनानचं जेवण गोड असतं असं सगळेच म्हणतात. कितपत?

—

शुक्रवार, सकाळी ७.०५ – ताइनान

ताई, जाणवण्याइतकं. हा उसाचा मुलूख, साखर इथल्या रश्शात, सोयात, खिम्यात सगळीकडे आहे. तैपेईचे लोकसुद्धा तक्रार करतात.

बाबांसाठी सकाळची माशाची पेज सगळ्यांत बिनधोक, तिच्यात मिठाची चव पुढे असते. भात कमी आणि पोटाचा तुकडा वेगळा मागितला तर देतात. सुरमईची कोरडी बशी चालेल, दाट रस्सा नको. कोळंबी-भाताला गोडसर चव आहे, तो एकच वाटी आणि सोबत अंडं. टोमॅटोची फोड बाबांनी सोयाच्या वाटीत न बुडवता नुसती खावी. तौ-ह्वावर पाक घालू नका असं आधी सांगता येतं.

पेयं सोपी आहेत. चहाच्या दुकानात साखर किती ते विचारतातच, 'वू-थांग' म्हणा, अजिबात नाही. पण फू-छ्येन रस्त्यापासून पुढे यूंग-फू रस्त्यावर, युद्धदेवतेच्या मंदिराशेजारी कोहळ्याचा थंडगार चहा मिळतो, तो बाबांना देऊ नका. कोहळा साखरेतच आटवलेला असतो, बिनसाखरेचा होतच नाही. तुम्ही तिघं मात्र प्या, आईंना चालेल, त्यात दुसरं काही नसतं.

रविवारी दुपारी मी घरीच आहे. बाबांना पाय पसरून बसायचं असेल तर या, माझं घर कन्फ्यूशियसच्या मंदिरापासून टॅक्सीने पाच मिनिटांवर आहे. बिनसाखरेचा चहा आणि आईंसाठी कांदा-लसणाशिवायचे पोहे करून ठेवते. फक्त आदल्या दिवशी मेल टाका.