डीव्हीडी प्लेअर कोणाकडे आहे का?

गुरुवार

ए-४०१: नमस्कार मंडळी 🙏 माळा आवरताना जुन्या डीव्हीड्यांचा डबा सापडला. त्यात ‘नॅशनल ट्रेझर: बुक ऑफ सीक्रेट्स’ निघाली. खजिन्याच्या शोधाचा सिनेमा, दुसरा भाग. २००८ मध्ये तिकडे डीव्हीडी निघाली आणि त्याच दिवाळीत लेक अमेरिकेहून घेऊन आला. पोरांना सुट्ट्या आहेत, शनिवारी संध्याकाळी क्लब हाऊसमध्ये लावूया का? गणपतीतला प्रोजेक्टर आहेच. फक्त प्लेअर हवा. कोणाकडे चालू स्थितीत आहे का?

सी-१०३: काका, आजकाल डीव्हीडी प्लेअर शोधण्यापेक्षा खजिना लवकर मिळेल 😂

बी-५०१: आमचा होता. भंगारवाल्याने शंभर रुपयांत नेला, वर मिक्सरचं भांडं फुकट मागून घेतलं.

डी-२०२: ॲपवर बघा की सरळ. कशाला एवढा खटाटोप.

ए-४०१: क्लब हाऊसमध्ये रेंज येत नाही. दर वार्षिक सभेत तोच विषय असतो. आणि डीव्हीडी घरात असताना परत पैसे का भरायचे?

बी-३०४: काका, पहिला भाग बघितला नसेल तर कळेल का? माझी लेक ७ वर्षांची आहे. मारामारी किती आहे?

ए-४०१: कळेल. पहिला २००४ चा, त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामाच पळवतात. या भागात निकोलस केजच्या खापरपणजोबांवर लिंकनच्या खुनाच्या कटाचा आळ येतो. तो पुसायला सगळं घराणं बाहेर पडतं. सुरुवातीला लिंकनवर गोळी झाडतात आणि शेवटी गुहेत पाणी भरतं, एवढंच जरा घाबरवणारं. खरं सांगू का, मला त्यात सोन्यापेक्षा भांडणं आवडतात. हिरोला मैत्रिणीने घराबाहेर काढलंय, त्याचे आईवडील कित्येक वर्षांत एकमेकांशी बोललेले नाहीत, आणि ही सगळी वरात एकाच गुहेत! हेलन मिरेन आणि जॉन व्हॉइट जे काही तणतणतात, ते बघून आमच्या सौ. म्हणाल्या, “आपलंच शूटिंग केलंय.”

बी-३०४: 😂 चालेल मग.

सी-१०३: आमचे चिरंजीव विचारतायत, राष्ट्राध्यक्षांच्या टेबलात खरंच गुप्त कप्पा आहे का?

बी-२०३ (बाई): टेबल खरं, कप्पा सिनेमाचा. पण टेबलाची गोष्ट कप्प्याहून भारी आहे. रेझोल्यूट नावाचं ब्रिटिश जहाज आर्क्टिकच्या बर्फात अडकलं. १८५४ मध्ये खलाशी ते सोडून निघून आले. पुढच्या वर्षी ते आपलं आपण वाहत शेकडो मैल आलं आणि व्हेल मारायला निघालेल्या अमेरिकनांना सापडलं. अमेरिकेने ते दुरुस्त करून व्हिक्टोरिया राणीला परत केलं. १८७९ मध्ये जहाज मोडीत काढलं, तेव्हा राणीने त्याच्या लाकडाचं टेबल करवून १८८० मध्ये राष्ट्राध्यक्ष हेज यांना पाठवलं. शेजारणीचा डबा रिकामा परत करू नये, त्यातलाच प्रकार.

सी-१०३: आणि त्या चार तोंडांच्या डोंगराखाली सोन्याचं शहर?

बी-२०३ (बाई): माउंट रशमोर. तोंडं १९२७ ते १९४१ मध्ये कोरली. लिंकनच्या डोक्यामागे कड्यात खरोखर एक खोली खोदायला घेतली होती, ती अर्धवट राहिली. १९९८ मध्ये तिथे सागवानी पेटीत देशाचा इतिहास लिहिलेले चिनी मातीच्या मुलाम्याचे १६ पत्रे ठेवून वर ग्रॅनाइटची शिळा बसवली. सोनं नाही. सिबोला हे सोन्याचं शहर स्पॅनिश लोकांच्या डोक्यातलं. कोरोनाडो १५४० मध्ये फौज घेऊन शोधायला गेला, तर हाती लागली झुनी लोकांची दगडमातीची गावं, तीही न्यू मेक्सिकोत. सिनेमाने शहर उचलून साउथ डकोटात नेलं. गंमत अशी की तिथल्या ब्लॅक हिल्समध्ये १८७४ मध्ये खरंच सोनं मिळालं, आणि त्याच्या हावेपायी लाकोटा लोकांशी १८६८ मध्ये केलेला तह सरकारने मोडला. हे मात्र सिनेमात नाही. मोठ्या मुलांना मी सांगेन.

ए-४०१: बाई, फारच छान. पण प्लेअरचं काय?

बी-२०३ (बाई): सोसायटीचा एक प्लेअर आहे. कुठे ते मला ठाऊक आहे. सांगणार नाही.

ए-४०१: ???

बी-२०३ (बाई): पोरांना शोधू दे. सिनेमात प्लेफेअर नावाची गुप्तलिपी आहे. १८५४ मध्येच चार्ल्स व्हीटस्टनने काढली, नाव लागलं तिचा प्रचार करणाऱ्या लॉर्ड प्लेफेअरचं. इंग्रजीत २६ अक्षरं २५ घरांत बसवायला आय आणि जे यांना एका घरात कोंबावं लागतं. आपल्याला ती अडचणच नाही. अंकलिपीतला क ते म चा तक्ता मुळातच ५ गुणिले ५ आहे! पाटीवर काढा:

क ख ग घ ङ
च छ ज झ ञ
ट ठ ड ढ ण
त थ द ध न
प फ ब भ म

काना-मात्रा सोडून द्यायच्या. अक्षरं जोडीने घ्यायची. जोडीतली दोन अक्षरं वेगवेगळ्या ओळीत आणि वेगवेगळ्या उभ्या रांगेत असतील, तर ती चौकोनाची समोरासमोरची टोकं समजायची आणि प्रत्येकाच्या जागी त्याच्याच आडव्या ओळीतलं दुसरं टोक लिहायचं. एकाच उभ्या रांगेत असतील, तर प्रत्येकाच्या वरचं घर घ्यायचं. सगळ्यात वरच्याला सगळ्यात खालचं. आता चिठ्ठी:

ङड कप

शुक्रवार

सेक्रेटरी: क्लब हाऊसच्या पँट्रीतले सगळे कप बाहेर कोणी काढून ठेवलेत? परवा कमिटीची मीटिंग आहे.

सी-१०३: सॉरी काका. पोरांनी चिठ्ठीत ‘कप’ वाचलं आणि तक्ता काढायच्या आधीच पळाली.

बी-५०१: ङ ने सुरू होणारा शब्द मी पन्नास वर्षांत पाहिला नाही. बाईंनी आमचीच परीक्षा घेतली.

बी-३०४: सुटलं!!! दादाने पाटीवर चौकोन काढला, माझ्या लेकीने बोट ठेवून वाचलं. ङ आणि ड चे ग आणि ण. क च्या वर काही नाही म्हणून खालून प. प च्या वर त. ग ण प त!

ए-४०१: गणपती! अरे हो, मखराच्या पेटीत! आरत्यांच्या सीड्या त्याच्यावरच लावायचो आपण. ब्लूटूथ स्पीकर आल्यावर तो कुठे गेला, कोणी विचारलंच नाही.

सेक्रेटरी: गच्चीवरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. ६ वाजता उघडतो. मुलांनी एकेकाने या, आत झुंबर आहे.

सेक्रेटरी: सापडला. मखराच्या खाली, झांजांच्या पिशवीत. आत आरतीची सीडी तशीच. रिमोट नाही.

शनिवार

ए-४०१: घोळ झालाय. प्लेअर चालतो, आरती व्यवस्थित वाजली. सिनेमा टाकला की पडद्यावर ‘चुकीचा रिजन’ येतं.

डी-२०२: काका, डबीच्या मागे छोटा पृथ्वीगोल असेल, त्यात आकडा काय आहे?

ए-४०१: १.

डी-२०२: तेच. अमेरिकेची डीव्हीडी रिजन १, भारत रिजन ५. पुष्कळ प्लेअरना रिमोटवरून कोड मारला की सगळं चालतं, पण तुमचा रिमोट नाही. थांबा, माझ्या जुन्या कॉम्प्युटरला डीव्हीडी ड्राइव्ह आहे. त्याचा रिजन बदलता येतो, फक्त एकूण ५ वेळा. मी एकदाच बदललाय.

सी-१०३: ॲपवाले दादाच शेवटी कॉम्प्युटर उचलून आणणार 😂

डी-२०२: आणतोय. कोणीतरी लिफ्ट धरा, मॉनिटर जड आहे.

बी-५०१: २००७ मध्ये आम्ही हा थिएटरात पाहिला होता. आधी गूफीचं छोटं कार्टून होतं, घरी होम थिएटर जोडताना त्याची कशी फजिती होते ते. आज इथे तेच चाललंय, फक्त लेंग्यात.

बी-३०४: लागला! पोरं गप्प बसलीत. कोणाकडे जास्तीच्या उश्या असतील तर घेऊन या, सतरंजी टोचतेय.

ए-४०१: भेळ संपत आलीय. ज्यांना यायचंय त्यांनी लवकर या. गुहेतली ती डोलणारी फळी आता येईल, चौघांनी चार टोकांना उभं राहून तोल सांभाळायचा असतो.

रविवार

सेक्रेटरी: बी विंगच्या लिफ्टमध्ये खडूने ‘तन ञघ’ असं कोणी लिहिलंय? कृपया पुसावं.

बी-२०३ (बाई): पुसू नका. मी अजून सोडवतेय.