मॉरिशस : समुद्रकिनाऱ्याखेरीज काय पाहावे?

सातारकर (प्रश्न)
येत्या सप्टेंबरात आईवडिलांना घेऊन आठ दिवस मॉरिशसला जायचे आहे. प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत निळे पाणी आणि बोटीची सफर यांपलीकडे काही दिसत नाही. वडिलांना तिथल्या लोकांविषयी कुतूहल आहे, आईला समुद्राची ओढ नाही आणि दोघेही शाकाहारी आहेत. मुक्काम कुठे करावा?

कोकणवारा
मुक्काम पश्चिम किंवा उत्तर किनाऱ्यावर करा, कारण सप्टेंबरात आग्नेयेकडून येणारे वारे पूर्व किनाऱ्यावर चांगलेच झोंबतात. चक्रीवादळांचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून सुरू होतो, त्यामुळे तुमचा महिना योग्यच आहे.

एक पूर्ण दिवस राजधानी पोर्ट लुईसाठी राखून ठेवा. 1834 ते 1920 या काळात भारतातून जवळजवळ पाच लाख गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले मजूर या बेटावर आले. ते जिथे उतरत, त्या आप्रवासी घाटाच्या दगडी पायऱ्या आजही आहेत. तिथून बाजारपेठ पायी गाठता येते. शाकाहाराची चिंता तिथेच मिटेल, कारण धोलपुरी हे तिथले रोजचे खाणे आहे. वाटलेली पिवळी डाळ भरलेली ही मऊ, पातळ पोळी दिसते आपल्या पुरणपोळीसारखी, पण गोड नसते. विक्रेता दोन पोळ्यांची जोडी घेतो, त्यावर मोठ्या वालांची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीचे वाटण घालतो आणि कागदात गुंडाळून हातात देतो. आईंसाठी मिरची आधीच कमी करायला सांगा.

बेटावरची
मी इथे सहा वर्षे राहते, म्हणून थोडी पुस्ती जोडते. मॉरिशसला ‘छोटा भारत’ समजून येऊ नये. इथे घराघरांत फ्रेंचमधून घडलेली क्रिओल भाषा बोलली जाते, वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंच आहेत आणि संसदेचे कामकाज इंग्रजीत चालते. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज, चिनी दुकानदारांची कुटुंबे, मुसलमान, तमिळ, तेलुगू आणि भोजपुरी घराणी एकाच गल्लीत नांदतात. समोरच्याशी थेट हिंदीत सुरुवात करण्याऐवजी ‘बोंझूर’ हा फ्रेंच नमस्कार म्हणावा.

मराठी घराणीही आहेत. त्यांची आडनावे पुष्कळदा पूर्वजांची पहिली नावे असतात, कारण वसाहतीच्या नोंदवहीत बापाचे नाव हेच पुढे कुळाचे नाव होऊन बसले. त्यांच्या गणेशोत्सवात अजून झाकरी नाचतात. कोकणातल्या जाखडीशी तिचे नाते पाहताक्षणी कळते. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. तारीख जुळत असेल, तर विसर्जनाच्या दिवशी किनाऱ्यावर जा. समुद्राची ओढ नसलेल्या तुमच्या आईसुद्धा तिथे रमतील.

सातारकर
तारीख जुळते आहे. एक दिवस वाढवून नऊ दिवसांचे तिकीट काढतो.