स्कूबाचा स्वतःचा सेट, बजेट ६० हजार, आधी काय घेऊ?

पाणकावळा_पुणे
नमस्कार मंडळी, डिसेंबरात अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटर (स्कूबाचा पहिला कोर्स) केलं, मग मुर्डेश्वरहून नेत्राणी बेटावर जाऊन आलो, एकूण ८ डाइव्ह झालेत आणि आता डोक्यात किडा वळवळतोय की आपलं स्वतःचं सामान हवं. नेत्राणीला भाड्याच्या मास्कमध्ये इतकं पाणी शिरत होतं की मासे कमी आणि स्वतःचं नाकच जास्त सांभाळलं. ६० हजारात बीसीडी (तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट), रेग्युलेटर (सिलिंडरची हवा तोंडात देणारा), वेटसूट (पाण्यात ऊब देणारा अंगाबरोबरचा सूट), मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर सगळं बसेल का? एक जण बीसीडी अन् रेग्युलेटर मिळून २८ हजारात विकतोय, सेकंडहँड. बायको म्हणते त्यापेक्षा पैठणी परवडली.

खारे_दाणे
अहो तुमची तक्रार मास्कची आणि निघालात रेग्युलेटर घ्यायला!! मास्क घ्या आधी. ऑनलाइन नको, दुकानात जा, पट्टा न लावता नुसता चेहऱ्यावर ठेवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर तुमचा, पडला तर कितीही भारी ब्रँड असो, ठेवून द्या. मी असे सात लावून बघितले, आठवा बसला, २८०० चा. नवीन काचेवर आतून सिलिकॉनचा पातळ थर असतो, साध्या पांढऱ्या टूथपेस्टने दोन-तीनदा घासा नाहीतर वाफ धरते. चष्मा असेल तर नंबरच्या काचा बसणारा बघा.

दर्यादिली
+१, पण मास्कनंतर कॉम्प्युटर. तो तुमच्या शरीरात किती नायट्रोजन साठला त्याचा हिशोब ठेवतो, बडीच्या (डाइव्हमधल्या जोडीदाराच्या) मनगटावरचा तुम्हाला चालत नाही कारण तो अर्धा मीटर वर-खाली असतोच. मला बेसिक १९ हजारांना पडला, बॅटरी घरी बदलता येते असाच घ्या.
आणि ते २८ हजारवालं प्रकरण जपून. मी असाच एक रेग्युलेटर १५ हजारात घेतला, बोटीवर सिलिंडरला जोडला तर सेकंड स्टेजमधून (तोंडात धरायच्या भागातून) सूंऽऽ करून जी हवा सुटली ती थांबेचना. शेवटी तो डाइव्ह भाड्याच्याच रेग्युलेटरवर केला, नंतर सर्व्हिसला टाकला तर त्या मॉडेलचं किट (बदलायचे सुटे भाग) इथे मिळेना. घ्यायचाच तर किट मिळतं का ते आधी विचारा, सर्व्हिसचा खर्च किमतीत धरा, आणि योक आहे की डिन (सिलिंडरला जोडायचे दोन प्रकार) तेही बघा.

मालवणी_गाईड
गाववाल्यांनू, सिलिंडर आणि वेट (कमरेची शिशाची वजनां) कोण घराकडसून आणता काय? ता सगळा सेंटरवर मिळता. बाकी बीसीडी, रेग्युलेटर, फिन (पायातले पंख) मिळून विमानाचं १५ किलोचं सामान बघता बघता भरतं आणि आमच्याकडे पावसाळ्यात तर डाइव्हिंगच बंद. वर्षाला ८-१० डाइव्ह असतील तर भाडंच बरं. वेटसूट मात्र ३ एमएमचा स्वतःचा घ्या, भाड्याच्या सूटमध्ये पाण्याखाली लोक काय करतात ते मी रोज धुतो.

पाणकावळा_पुणे
शेवटचं वाक्य वाचून वेटसूट फिक्स 😂 रेग्युलेटरवाल्याला "नको" म्हणून कळवलं. पण मला मिशी आहे, भरघोस. मास्क बसेल?

खारे_दाणे
मग नेत्राणीचं पाणी तिथूनच आलं असणार. नाकाच्या लगेच खाली, जिथे मास्कची कड टेकते, तेवढी पट्टी साफ करा, बाकी ठेवा. तेही जिवावर येत असेल तर व्हॅसलीन, पण ते सिलिकॉन मास्कलाच, रबराला नको.