माटोळीचा ग्रूप व्हॉट्सअ‍ॅपवरच ठेवायचा की दुसरीकडे हलवायचा?

माटोळीवाला (फोंडा)
मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा. आमचा रानभाज्यांचा आणि माटोळीच्या (चवथीला गणपतीच्या वर टांगतात ती रानातल्या फळापानांची) सामानाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रूप आहे, २०१७च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला सुरू केलेला. तेव्हा तीस-चाळीस जण होतो, कवंडळ कुठे पिकलंय, घागऱ्यो कोणाकडे मिळतील, माट्टीची फळं म्हणजे नेमकी कुठली, एवढंच चालायचं. मग माणसं वाढली, २५६ची मर्यादा होती म्हणून दुसरा ग्रूप काढला, २०२२मध्ये ती आधी ५१२ आणि मग १०२४ झाली तसे दोन्ही एकत्र केले. आता नऊशेच्या वर आहोत आणि खरं सांगू, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार बरा.

जुलैतली गोष्ट. एकाने अळम्यांचा, म्हणजे रानातल्या मशरूमांचा फोटो टाकला, खायची काय म्हणून. दोन मिनिटांत उत्तर आलं, "रोयणीचीच ती, खा बिनधास्त." (रोयण म्हणजे वाळवीचं वारूळ.) त्यावर चार अंगठे. मग गुड मॉर्निंग, कोणाच्या तरी भाच्याचा वाढदिवस, एक राजकीय व्हिडिओ, आणि ऐंशीएक मेसेजनंतर सत्तरी तालुक्यातल्या एका जाणत्या बाईंनी लिहिलं की ही रोयणीची नव्हेत, हात लावू नका. तोवर हा बाबा अळमी धुवून चिरायला बसलेला. बायकोने फोन बघितला म्हणून वाचला. आणि ते पहिलं उत्तर? मेसेज एडिट करायला पंधरा मिनिटं मिळतात, ती कधीच संपलेली. शेवटी अ‍ॅडमिन म्हणून मीच ते डिलीट केलं, तर आता प्रश्न आहे, दुरुस्ती आहे, पण दुरुस्ती कशाची ते कोणाला कळत नाही.

वर ऑगस्टमध्ये माझा फोन पावसात गेला. बॅकअप घेतला नव्हता, चूक माझीच. पण आठ वर्षांचे फोटो आणि नावं माझ्या एका फोनच्या भरवशावर होती हेच मुळात बरोबर नाही. आपण सोप्यावर (ओसरीवर) बसून गप्पा मारतो, घराची कागदपत्रं सोप्यावर ठेवतो काय? माझं मत, ग्रूप बंद करून दुसरीकडे जायचं, जिथे एका प्रश्नाखाली त्याचीच उत्तरं राहतात. कुठे ते सुचवा. "आहे ते बरं आहे" म्हणणाऱ्यांनी कारण द्यावं.

पेडण्याची_सून
आहे ते बरं आहे. कारण देते.

माझ्या सासूबाई एकाहत्तरच्या. टायपिंग येत नाही, शिकणारही नाहीत. पण मायक्रोफोनचं बटण दाबून तीन-तीन मिनिटं बोलतात. कुठली भाजी मिरगाच्या आधी खायची, कुठली पहिल्या पावसानंतर कडू होते, कुठल्या पाल्याला दोन पाणी काढायचं. हे तुमच्या फोरमवर कोण लिहिणार? लॉगिन, पासवर्ड, ई-मेल आयडी... अरे त्यांना ई-मेलच नाही! तू हलवलास तर ज्यांना येतं ते मागे राहणार आणि ज्यांना टाइप करता येतं ते पुढे जाणार. मग सगळी आमच्यासारखी, पुस्तकात बघून सांगणारी. तो अळम्यांचा फोटो ओळखणाऱ्या बाई तरी कुठे असणार होत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरच ना?

शेवटचा_बाक
डिस्कॉर्ड करा ना!! फुकट आहे, वेगवेगळे चॅनल करता येतात, अळमी वेगळी, माटोळी वेगळी, गुड मॉर्निंगसाठी पण एक चॅनल काढा तिथे सगळे एकमेकांना गुलाब देत बसतील. व्हॉइसवर बोलायची पण सोय आहे. आमच्या कॉलेजच्या रोबोटिक्सवाल्यांचं सगळं तिथेच चालतं

तिस्क_नाका
तुमच्या रोबोटिक्समध्ये एकाहत्तर वर्षांच्या किती जणी आहेत रे?

आणि डिस्कॉर्डवरचं गूगलला दिसत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बंद खोली, डिस्कॉर्ड जास्त कपाटं असलेली बंद खोली. उद्या पेडण्यातल्या पोराने फळाचं नाव गूगलवर टाकलं तर दोन्हीकडचं काही सापडणार नाही.

वाळपईकर
फेसबुक ग्रूप. वाद संपला. फोटोखाली त्याच्याच कमेंट राहतात, चूक कधीही एडिट करता येते, सर्च आहे, आणि आमच्या सगळ्या मावश्या-काक्या आधीच तिथे आहेत, नवीन काही शिकवायला नको.

माटोळीवाला (फोंडा)
@वाळपईकर वर्षभर चालवून बघितलाय भाऊ. पहिली गोष्ट, कोणाला काय दाखवायचं ते तो ठरवतो, मी टाकलेलं निम्म्या लोकांच्या समोर जातच नाही. दुसरी, चवथीच्या आदल्या दिवशी एकाने विचारलेलं "तोरिंग कुठे मिळेल" हे दिवाळीला कोणीतरी कमेंट केली की परत वर. आणि सर्चचं म्हणशील तर अळमी, अळंबी, आळमी, ओळमी, शिवाय रोमन लिपीत ज्याच्या त्याच्या मनाला येईल तसं. ज्याने जसं लिहिलं तसं शोधलं तरच मिळणार. हा दोष फेसबुकचा नाही, आपलाच, पण त्यासाठी वर टॅग लावणारा कोणीतरी हवा आणि ती सोय सगळ्यात चांगली जुन्या पद्धतीच्या फोरमवर असते.

तसंही फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅप एकाच घरातली. ४ ऑक्टोबर २०२१ला दोन्ही एकदम सहा तास बंद होती, आठवतं?

बांदावरची
एक मुद्दा कोणी काढला नाही म्हणून लिहिते. नऊशे लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर माझा नंबर नऊशे लोकांकडे जातो. अशाच एका ग्रूपवर (हा नव्हे) मी कुर्डूच्या भाजीची रेसिपी टाकली आणि रात्री साडेअकराला अनोळखी नंबरवरून "हाय डियर, नाइस रेसिपी". मी गप ग्रूप सोडला. किती जणी अशाच गप सोडत असतील, अ‍ॅडमिनला फक्त "लेफ्ट" दिसतं.

टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, नुसत्या नावाने वावरता येतं. ग्रूपमध्ये दोन लाखांपर्यंत माणसं मावतात, अ‍ॅडमिनने उघडं ठेवलं तर नवीन आलेल्याला जुनंही सगळं वाचता येतं, एडिट करायला ४८ तास. आणि व्हॉइस मेसेज तिथेही आहेत हो, सूनबाई.

तिस्क_नाका
टेलिग्रामचं दुसरं अंगही सांगा. तिथले ग्रूप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतात, व्हॉट्सअ‍ॅपचे २०१६पासून आहेत. रानभाजीला काय एन्क्रिप्शन म्हणाल, ते ठीक. पण लिंक बाहेर गेली की सट्टा, कर्ज आणि "घरबसल्या रोज पाच हजार"वाले आलेच. हाकलायला कोणीतरी पहारा द्यायला हवा.

निवृत्त_मास्तर
तुम्ही सगळे भाड्याच्या घरांची तुलना करताय, म्हणून थोडं जुनं सांगतो.

गोव्याबाहेरच्या गोंयकारांचं गोवानेट १९९४मध्ये ई-मेलवर सुरू झालं, तेव्हा इथे आमच्याकडे टेलिफोनला नंबर लावून थांबावं लागे. मराठीत मायबोली १९९६ची, ती अजून चालू आहे. आणि ज्यांच्याकडे मोठ्या कंपन्या होत्या ते कुठे आहेत? ऑर्कुट २००४ला आलं, ३० सप्टेंबर २०१४ला गेलं. याहू ग्रूप्स डिसेंबर २०२०मध्ये कायमचे बंद. गूगल प्लस तर अंगात येण्याआधीच उतरलं.

माझंच सांगतो. आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकांची, म्हणजे कोणत्या वर्षी कोणतं नाटक, पेटीला कोण, तबल्याला कोण, स्त्री-पार्ट कोणी केला, अशी पन्नासएक वर्षांची यादी मी एका फुकटच्या साइटवर घातली होती. साइट बंद होणार असं पत्र आलं असेल, मी बघितलं नाही. गेली. त्यातले तिघे आता हयात नाहीत, परत विचारू कोणाला? तेव्हा कुठे न्यायचं हा दुसरा प्रश्न. आधी वहीत उतरवा. हसा खुशाल.

शेवटचा_बाक
सर हसत नाही, पण वही पण पावसात भिजते ना 😅 अ‍ॅडमिनच्या फोनसारखी

निवृत्त_मास्तर
म्हणून दोन वह्या करायच्या, बाळा.

पणजी_बसस्टँड
रेडिटचं नाव कोणीच घेतलं नाही? नंबर लागत नाही, खरं नाव लागत नाही, एका पोस्टखाली त्याच्याच कमेंट झाडासारख्या फुटत जातात, चांगलं उत्तर मतांनी वर येतं. गावात तर निनावी असणं फार गरजेचं. ग्रामसभेत जे बोलायची हिंमत होत नाही ते तिथे लिहितात लोक, कारण इथे प्रत्येक जण प्रत्येकाच्या मावसभावाला ओळखतो.

माटोळीवाला (फोंडा)
मतांवर अळमी ओळखायची म्हणजे झालंच. "खा बिनधास्त"ला माझ्या ग्रूपवर चार अंगठे होते, दुरुस्ती करणाऱ्या बाईंना एक. रेडिटवर त्या बाई तळाशी गेल्या असत्या. आणि गोव्याचं रेडिट जवळजवळ सगळं इंग्रजीत, आमचे लोक तिथे जाऊन बोलणार कोणाशी.

जून २०२३मध्ये कंपनीने बाहेरच्या अ‍ॅपवाल्यांकडून पैसे मागितले तेव्हा हजारो ग्रूपांनी निषेध म्हणून दारं लावून घेतली होती. मास्तरांचा भाड्याच्या घराचा मुद्दा हाच.

वाळपईकर
अ‍ॅडमिनला एक सांगतो, रागावू नको. एवढ्या लोकांच्या ग्रूपवर उद्या कोणी भलतंसलतं टाकलं तर जेलात तूच जाणार. फेसबुकवर निदान रिपोर्ट करता येतं

तिस्क_नाका
हे परत परत फिरतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१मध्ये सांगितलंय की मेंबरने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी अ‍ॅडमिन आपोआप गुन्हेगार ठरत नाही, संगनमत दिसायला हवं. गोवा त्याच उच्च न्यायालयाखाली येतं. (आणि रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवरही करता येतं.)

कुळागरी
मी एवढा वेळ वाचत होतो. तुम्ही सगळे एक गोष्ट धरून चाललाय की माहिती जितकी उघडी तितकी चांगली. मी उलट म्हणतो.

माझ्या आज्याला अळम्यांच्या जागा ठाऊक होत्या. माझ्या बापाला त्याने त्या मरायच्या दोन वर्षं आधी दाखवल्या, काकाला शेवटपर्यंत नाही. आम्ही त्याला चिक्कू म्हणायचो. आता कळतं. दोन वर्षांपूर्वी एकाने आमच्या बाजूच्या डोंगरावरचा फोटो लोकेशनसकट टाकला, पुढच्या रविवारी चार गाड्या आल्या, पिशव्या भरून नेलं, रोयण पार उकरून टाकली. रोयण गेली की अळमी गेली, तिला काय परत कोणी वाळवी आणून सोडणार आहे? कवंडळाच्या वेलाचं पण तेच, माटोळीला एक फळ पुरतं, पण रस्त्यावर विकायला नेणारा वेल मुळासकट ओढतो.

गूगलला दिसत नाही हा तुम्हाला दोष वाटतो. मला तोच व्हॉट्सअ‍ॅपचा एकमेव गुण वाटतो. ८० मेसेजांच्या खाली गाडलं गेलं तर गेलं, ज्याला पाहिजे तो विचारील, विचारणाऱ्याचं तोंड बघून सांगता येतं.

बांदावरची
तोंड बघून सांगायचं म्हणजे जातगोत बघून सांगायचं असंही होतं हो आपल्याकडे. कोणाला डोंगरात येऊ द्यायचं आणि कोणाला नाही. तेवढं विसरू नका. पण लोकेशनचं पटलं.

आयनॅचरलिस्ट म्हणून साइट आहे, २००८पासूनची, तिथे फोटो टाकला की जाणकार ओळखतात, ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशांहून जास्त लोकांचं एकमत झालं तर नोंद पक्की धरतात. आणि दुर्मिळ जातींची नेमकी जागा ती आपोआप झाकते. कुळागरींची अडचण तिथे कोणीतरी आधीच विचारात घेतलीय.

कुळागरी
दुर्मिळ कोण ठरवणार? आमच्या डोंगरावर संपलेली गोष्ट जगाच्या यादीत "भरपूर" असते.

पेडण्याची_सून
आणि तिथे शास्त्रीय नावं. सासूबाईंना वाघनखी म्हणजे वाघनखी. लहानपणी आम्हाला दटावायच्या, फूल लांबून बघायचं, कंद तोंडात घालायचा नाही, मरशील. त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं हे मला कॉलेजात कळलं. दोन्ही माहित्या एका जागी कुठे लिहून ठेवायच्या, ते सांगा.

माटोळीवाला (फोंडा)
हे मात्र खरं की मी दोन गोष्टी एकत्र केल्या. ग्रूप बंद करायचं मागे घेतो. गप्पा, व्हॉइस, "उद्या डिचोलीला आंबाडे आलेत" हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच राहू दे. पण नाव, फोटो, खायचं की नाही, विषारी असेल तर ठळक अक्षरात, हे बाहेर एका साध्या पानावर पाहिजे, जे मी दुरुस्त करू शकेन आणि ज्याची प्रत माझ्याशिवाय आणखी तिघांकडे असेल. जागा लिहायची नाही, तालुकासुद्धा नाही. कुळागरी, चालेल?

कुळागरी
फोटोत मागे डोंगर दिसायला नको. आमच्याकडची माणसं डोंगर बघून ओळखतात.

निवृत्त_मास्तर
त्यातली एक प्रत छापील ठेवा. कागद मी देतो.

पेडण्याची_सून
सासूबाईंना आता विचारलं. म्हणाल्या, नावं सांगते, करायचं कसं ते सांगते, कुठे मिळतं ते विचारायचं नाही. म्हणजे कुळागरी तुमच्याच पार्टीत त्या. व्हॉइस क्लिपा माझ्याकडे साठेक असतील, ऐकून टाइप कोण करणार?

शेवटचा_बाक
मी करतो, परीक्षा संपल्यावर. पण आधी ठरवा, अळमी लिहू की अळंबी?

वाळपईकर
अळमी.

तिस्क_नाका
मराठीत लिहिणार ना? मग अळंबी.

पेडण्याची_सून
त्या "आळमी" म्हणतात, जसं म्हणतात तसंच लिही.

माटोळीवाला (फोंडा)
झालं. यासाठी आता वेगळा ग्रूप काढतो.