अभ्यास करणारी आई: घरात पण दाराआड, की सरळ घराबाहेर?

दारापाशी
बायको परत शिकायला लागलीय, दोन वर्षांचा कोर्स आहे, परीक्षा सात आठवड्यांवर. मुलगी २० महिन्यांची. मी नोकरी करतो, बराचसा घरून. संध्याकाळी ६ ते ९ पोरगी माझ्याकडे आणि बायको आतल्या खोलीत दार लावून अभ्यासाला, असं आमचं ठरलंय. ठरलंय म्हणजे वेळापत्रकात छान दिसतं एवढंच.

होतं काय, तर ६ वाजून ५ मिनिटांनी पोरगी दारापाशी. आधी थापा मारते, मग पालथी पडून दाराखालच्या फटीतून बोटं आत घालते, मग हाताला येईल ते आत सरकवायला सुरुवात. खडू, एक मोजा, माझं चष्मा पुसायचं फडकं, परवा तर माझं ऑफिसचं आयडी कार्ड. मग आत खुर्ची कुरकुरते, म्हणजे बायको उठली. परत कुरकुरते, म्हणजे मन घट्ट करून बसली. आता हा आवाज पोरीलाही पाठ झालाय, खुर्ची वाजली की दुप्पट जोर लावते, तिला पक्कं माहितीये की अजून थोडं ताणलं की दार उघडतं. आणि उघडतंच.

याउलट सकाळी बायको क्लासला जाते तेव्हा टाटा करते, दोन मिनिटं भोकाड, आणि विषय संपला, खेळायला लागते. म्हणून माझं मत असं झालंय की घरात असून नसण्यापेक्षा सरळ नसलेलं बरं. संध्याकाळीही तिने लायब्ररीत जावं. बायकोला हे पटत नाही, ती म्हणते मला घराबाहेर काढतोयस. तुम्हाला काय वाटतं?

अर्धी_झोप
मी स्वतः मूल दीड वर्षाचं असताना शिकलेय त्यामुळे तुमच्या बायकोच्या बाजूने बोलते. बाहेर जायचं म्हणजे नुसतं दाराबाहेर पाऊल नसतं हो. बॅग भरा, चार्जर शोधा, जायला अर्धा तास यायला अर्धा तास, म्हणजे तीन तासांतला एक गेलाच, वर तिथे जागा मिळेल याची खात्री नाही. दूध सुटलंय का तेही तुम्ही लिहिलेलं नाही. घरी निदान पोरगी झोपली की त्याच क्षणी पुस्तक उघडता येतं.

आणि राग मानू नका पण एक विचारते. मोजा फटीतून आत गेला, मग फडकं गेलं, मग आयडी कार्ड गेलं, हे सगळं तुम्ही बघितलंत म्हणजे तुम्हीही दारापाशीच बसला होतात ना? तीन तास पोरीला घेऊन तुम्ही का नाही बाहेर जात? आईलाच का घालवायचं?

थिसिसग्रस्त
अर्धी_झोप ताई, शेवटचा मुद्दा कडक. पण मी त्या दाराच्या आतला माणूस आहे (पीएचडी, चौथं वर्ष, मुलगा दोन वर्षांचा) तेव्हा आतली बाजू सांगतो. धागाकर्त्याशी मी सहमत आहे.

आत बसलेल्याचा अभ्यास होत नसतो. कान बाहेरच असतो. रडला तर का रडला, आणि रडायचा थांबला तर का थांबला, दुसरं जास्त वाईट. एक दिवस मी खरोखर घड्याळ लावून मोजलं, तीन तासांत कामाची ४० मिनिटं निघाली, बाकी वेळ तोच परिच्छेद. सोफी लेरॉय म्हणून एक संशोधक आहेत, त्यांनी २००९ साली यावर लिहिलंय, एका कामातून दुसऱ्यावर गेलो तरी लक्षाचा काही भाग पहिल्या कामापाशीच रेंगाळतो, विशेषतः ते काम अर्धवट राहिलं असेल तर. आता रडणारं मूल यापेक्षा अर्धवट काम कुठलं आहे सांगा.

लायब्ररीत जायला लागलो तसा वेळ कमी मिळतो पण मिळतो तो माझा असतो. बायको तर म्हणते तू घरात नसलास की तोही बरा वागतो आणि मीही :)

जुनं_खोड
एवढं लहान मूल असताना शिकायची घाई का? मूल शाळेत जाऊ लागल्यावर शिकता आलं असतं. आम्हीही मुलं वाढवली, असले प्रश्न पडले नाहीत.

अर्धी_झोप
@जुनं_खोड, प्रश्न तुम्हाला पडले नाहीत म्हणजे घरात दुसऱ्या कोणालातरी पडले असतील, विचारून बघा. परीक्षा सात आठवड्यांवर आहे असं पहिल्याच ओळीत लिहिलंय, आता घाई का विचारून काय उपयोग.

जुनं_खोड
विचारलं. उत्तर छापण्यासारखं नाही. माघार घेतो.

सावकाश
हाहाहा, मानलं काका.

मी लहान मुलांसोबत काम करते, त्यातलं थोडं लिहिते. आईबाबा नजरेआड झाले की कासावीस होणं हे साधारण आठव्या महिन्यापासून सुरू होतं, १० ते १८ महिन्यांत जोरात असतं आणि मग दोन-तीन वर्षांपर्यंत हळूहळू ओसरतं. तुमची मुलगी त्या उताराच्या सुरुवातीला आहे. शिवाय या वयात वस्तू दिसत नसली तरी ती कुठेतरी आहे हे पक्कं कळलेलं असतं, पियाजे नावाच्या मानसशास्त्रज्ञाने हेच मांडलं होतं. त्यामुळे दाराआड आई आहे हे तिला कळतं, पण आई तिथे असून येत का नाही हे कळायची अक्कल अजून आलेली नाही. ती हट्टी नाही, तिचा हिशोब बरोबर आहे.

तेव्हा बाहेर जाणं वाईट नाही, फक्त गुपचूप पळायचं नाही. पोर दुसरीकडे बघतंय तोवर सटकू, हे बरेच जण करतात आणि मग मूल आईला बाथरूमपर्यंतही सोडत नाही. रोज तोच एक निरोप, छोटा, आणि मग मागे वळायचं नाही.

टोमॅटो_टायमर
मी दोघांच्याही विरोधात. दार उघडं ठेवा. मूल आईला काम करताना बघू दे, त्यात काय बिघडतं? २५ मिनिटं अभ्यास ५ मिनिटं पोरगी, पोमोडोरोसारखं. इटालियनमध्ये पोमोडोरो म्हणजे टोमॅटो, ज्याने ही पद्धत काढली त्याच्याकडे टोमॅटोच्या आकाराचा टायमर होता. आमच्याकडे मुलाला टायमरची टिंग कळते, तो वाट बघतो.

थिसिसग्रस्त
तुमचा मुलगा किती वर्षांचा?

टोमॅटो_टायमर
सहा.

थिसिसग्रस्त
बरं.

सावकाश
सहाव्या वर्षी अगदी योग्य, २० महिन्यांत टायमरच तोंडात जाईल. दार उघडं ठेवल्यावर आमच्या ओळखीत एकीच्या नोट्सना तिच्या लेकाने हायलायटर मारला होता, एक अख्खं प्रकरण पिवळं. ती म्हणाली ठीक आहे, सगळंच महत्त्वाचं होतं.

रात्रपाळी
एवढं कशाला, पोरगी झोपल्यावर रात्री ९ ते १ अभ्यास करायचा. माझ्या नवऱ्याने तेच केलं, पास झाला.

अर्धी_झोप
मीही तेच केलं आणि माझं नाव बघा. पोर पहाटे साडेपाचला उठतं हे त्या वेळापत्रकात कोणी धरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या गाइडलाइनमध्ये एक-दोन वर्षांच्या मुलांना दुपारची धरून ११ ते १४ तास झोप सांगितलीय, त्याचा आईने किती तास झोपायचं याच्याशी संबंध नाही दुर्दैवाने. चार तास झोपून वाचलेलं डोक्यात राहत नाही, मी परीक्षेत एका प्रश्नाचं उत्तर पानाच्या कुठल्या कोपऱ्यात आहे एवढंच आठवत बसले होते. एखाद-दोन रात्री ठीक, सात आठवडे नाही.

रात्रपाळी
खरंय म्हणा, पहाटे साडेपाचला आमच्याकडे मीच उठत होते.

दारापाशी
सगळ्यांना धन्यवाद. अर्धी_झोप, दूध सुटलंय, आणि हो, मी दारापाशीच बसलेलो असतो, मांडीवर लॅपटॉप घेऊन. तीन तास पोरगी माझ्याकडे असं मी लिहिलं खरं पण त्यातला निम्मा वेळ मी ऑफिसचे मेल बघत असतो आणि पोरगी नुसती माझ्या आसपास असते. हे लिहायला बरं वाटत नाहीये. तुमचा प्रश्न मी बायकोला वाचून दाखवला तर ती म्हणाली ही बाई कोण आहे, तिचा नंबर घे.

तरी माझं मत तेच आहे, दाराआड नको. फक्त बाहेर कोणी जायचं ते बदललं. दोन्ही करून बघितलं. गेले चार दिवस मी पोरीला घेऊन सव्वासहाला निघतो, आईला टाटा करून, लॅपटॉप घरी ठेवून. कुठे विशेष नाही, रस्त्याच्या कडेने चालतो, ती प्रत्येक पायरी चढते आणि उतरते, दर दहा पावलांवर एक दगड उचलून माझ्या खिशात टाकते. तास-सव्वातासाच्या वर जमत नाही, ती दमते, मीही. पण तेवढ्या वेळात बायकोचा एक टॉपिक होतो म्हणे.

आणि शनिवारी बायको लायब्ररीत गेली, चार तास. पोरगी एकदा आतल्या खोलीपाशी गेली, दार उघडंच होतं. आत बघितलं, खुर्चीवर चढली, खुर्ची वाजली तशी दचकून माझ्याकडे बघितलं. मग उतरली, परत चढली, परत वाजवली. पुढचा अर्धा तास तेच.

अर्धी_झोप
चार दिवस म्हणजे काहीच नाही, पण लॅपटॉप घरी ठेवलात ते आवडलं. पाऊस पडला की काय करणार?

थिसिसग्रस्त
शनिवारचे चार तास कसे गेले त्यांचे? ते खरं महत्त्वाचं.

दारापाशी
पहिला तास फोनकडे बघण्यात गेला म्हणाली. जाताना मला बजावून गेली होती की अजिबात मेसेज करू नकोस, म्हणून मी केला नाही, तर आल्यावर पहिलं वाक्य, एक मेसेज नाही करता आला? पुढच्या शनिवारसाठी असं ठरलंय की एक फोटो पाठवायचा, एकच, आणि पोरगी हसत असलेला.

पावसाचं अजून ठरलेलं नाही. फटीला आतून टॉवेल लावून बघतोय, काल पोरीने तो ओढून बाहेर काढला.